विजेच्या पेटीचें आयुष्य

आज मी आपणांपुढें एका मुक्या झालेल्या वाद्याची हकीकत घेऊन आलों आहें. मी संगीतज्ञ नव्हें आणि विद्युत्-शास्त्राचा पदवीधर तर नव्हेंच नव्हें. मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलेला आणि सारा जन्म खडू-फळ्याच्या सहवासांत घालविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु आमच्या शाळेच्या कपाटांत एक वाद्य तीन वर्षें मृत म्हणून पडून होतें आणि त्याच्या मृत्यूचा दाखला मींच दिलेला होता. तो दाखला खोटा ठरला. त्या चुकीचें प्रायश्चित्त म्हणून या विषयाची जी थोडीबहुत माहिती मीं मिळविली, ती आपल्या उपयोगी पडावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

हें वाद्य म्हणजे विजेवर चालणारा, काखोटीस मारून कोठेंही नेतां येणारा कीबोर्ड. कोणत्याही वनस्पति तुपास आपण ज्याप्रमाणें एकाच छापाच्या नांवानें ओळखूं लागलों, त्याचप्रमाणें कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डास आपल्या घरांतून सर्रास 'कॅसिओ' म्हणतात. गणेशोत्सवाचा मांडव, शाळेचें स्नेहसंमेलन, भावगीतांची बैठक, लग्नघरचा गाण्यांचा कार्यक्रम, जेथें जेथें पूर्वीं पेटी दिसे, तेथें आतां तिच्या शेजारीं, कित्येकदां तिच्या जागींच, हें काळें चपटें वाद्य दिसतें. अनेक पालक दसऱ्या-दिवाळीस मुलांसाठीं तें विकत घेतात. मुलगा किंवा मुलगी चार गाणीं वाजवूं लागली, कीं वाद्य घराबाहेर पडतें आणि त्याची खरी परीक्षा तेथून सुरू होते.

आमच्या शाळेनें २००६ सालीं पालकांच्या वर्गणीतून असा एक कीबोर्ड घेतला. खरेदीचें काम मजकडे होतें. दुकानांत जाऊन मीं काय विचारलें? 'यांतून आवाज किती निघतात?' सतार निघते, बासरी निघते, पक्ष्यांचा किलबिलाटही निघतो, हें ऐकून मी संतुष्ट झालों. हें वाद्य किती प्रवास सोसील, बिघडल्यास कोण उघडील, हे प्रश्न माझ्या डोक्यांतही आले नाहींत. तिसऱ्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत तीस मुलें समूहगीत गात होतीं आणि नववींतील एक मुलगा कीबोर्डावर साथ करीत होता. दुसऱ्या कडव्यास वाद्य एकाएकीं मुकें झालें. मुलें गोंधळलीं, सूर घसरला, मागच्या खुर्च्यांतून हंशा उठला. तो मुलगा मात्र मुक्या पट्ट्या दाबीतच राहिला. मी रंगमंचावर चढलों आणि सर्वांदेखत त्याला म्हणालों, "काय केलेंस रे?" त्या मुलानें पुन्हां त्या वाद्यास हात लावला नाहीं. त्यानें काय केलें होतें, तें मी शेवटीं सांगेन.

'टिकाऊ' हा शब्द आपण फार ढिलेपणानें वापरतों. ट्रंक टिकाऊ असते, सतरंजी टिकाऊ असते. परंतु जाहीर कार्यक्रमांत वाजणाऱ्या वाद्याकडून दोन निराळ्या गोष्टींची अपेक्षा असते. एक, तें दहा-पंधरा वर्षें चालावें. आणि दुसरी, आज सायंकाळीं सात ते दहा या तीन तासांत तें एकदांही थांबूं नये. घरीं सराव करतांना वाद्य थांबलें तर आपण उठून वायर हालवून पाहतों. सभेंत तेवढी सवड नसते. ज्याची उपजीविका वादनावर आहे, त्याला हा दुसरा टिकाऊपणा पहिल्याहूनही मोलाचा. एका रात्रीची बिदागी बुडाली तर ती भरून निघेल. परंतु 'याचें वाद्य ऐनवेळीं बंद पडतें' असा लौकिक झाला, कीं पुढचें बोलावणें येत नाहीं.

विजेचें वाद्य जन्मतः हलकें नव्हतें. अमेरिकेंत १९३५ सालीं निघालेला हॅमंड ऑर्गन घ्या. त्याचा पुढें गाजलेला बी-३ हा नमुना बैठक आणि पायपट्ट्या धरून दोनशे किलोंच्या घरांत जातो. तो हालवावयास हमाल लागत. फ्रान्समध्यें कॉन्स्टंट मार्टिन यांनीं १९४७ सालीं क्लॅव्हिओलिन नांवाचें तीन सप्तकांचें लहान वाद्य तयार केलें. आपण तें पाहिलें नसेल, परंतु ऐकलें निश्चित आहे. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटांतील गारुड्याची ती पुंगी खरी पुंगी नसून कल्याणजींनीं वाजविलेलें हेंच वाद्य होतें. त्याच्या पोटांत कांचेचे व्हॉल्व्ह असत. म्हणजे प्रवास जपूनच करावयाचा. इंग्लंडांत १९६३ सालीं मेलोट्रॉन निघाला. त्यांत प्रत्येक पट्टीखालीं ध्वनिमुद्रित फितीचा एक तुकडा असे आणि पट्टी दाबली कीं तो सुमारें आठ सेकंद वाजे. दौऱ्यावर नेणाऱ्यांना त्या फितींनीं पुष्कळ छळलें. १९७० सालचा मिनिमूग हा सुटसुटीत होता. पण रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेनें त्याचा सूर ढळे आणि वादकाला मध्येंच तो जुळवून घ्यावा लागे.

पुढें गणकयंत्रें आणि घड्याळें करणाऱ्या कॅसिओ या जपानी कंपनीनें १९८० सालीं आपला पहिला कीबोर्ड बाजारांत आणला. आवाज निर्माण करण्याचें काम आतां नखाएवढ्या चिपेकडे आलें. तिला फीत नाहीं, कांच नाहीं, तापून ढळणारा सूर नाहीं. येथें आपली समजूत होते, कीं आतां बिघडावयाचें कांहीं उरलेंच नाहीं. परंतु खरी गोष्ट अशी आहे, कीं आजच्या कीबोर्डांत आवाजाचें उगमस्थान क्वचितच बिघडतें. बिघडतात ते त्याच्याकडे जाणारे रस्ते. बोटापासून चिपेपर्यंतचा एक रस्ता आणि भिंतींतील विजेपासून चिपेपर्यंतचा दुसरा. वाद्य वाजविल्यानें मरत नाहीं, तें या रस्त्यांवर अडतें.

पहिला रस्ता पाहूं. पट्टी काढून पाहिली तर तिच्या खालीं रबराची लांबट फीत आढळते. तिच्यावर लहान लहान घुमट असतात आणि घुमटाच्या आंतल्या बाजूस कार्बनचा काळा ठिपका असतो. पट्टी दाबली, कीं घुमट दबतो आणि तो ठिपका खालच्या सर्किटावरील दोन टोकें जोडतो. ज्या कीबोर्डांत हलक्या बोटास हलका आणि जोराच्या बोटास मोठा आवाज येतो, त्यांत प्रत्येक पट्टीखालीं असे दोन ठिपके असतात. एक किंचित् आधीं टेकतो, दुसरा किंचित् नंतर. या दोन टेकण्यांमधील काळ यंत्र मोजतें. काळ थोडा तर आघात जोराचा. काळ अधिक तर आघात हलका.

आतां या सांदींत धुळीचा कण, केस किंवा सांडलेल्या सरबताचा थेंब गेला, तर एक ठिपका टेकतच नाहीं किंवा उशिरां टेकतो. यंत्राचें गणित चुकतें. मग पट्टी कधीं मुकी राहते, तर कधीं बोट अलगद ठेवलें असतांही किंचाळते. गाणारा दचकतो, वाजविणारा ओशाळतो आणि घरचीं माणसें म्हणतात, 'वाद्य गेलें.' वास्तविक तें गेलेलें नसतें. तें पुसावयाचें झालेलें असतें. जाणता कारागीर तळ उघडतो, रबराच्या फिती काढतो, ठिपके व त्यांखालील सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलानें हलक्या हातानें पुसतो, आणि पट्टी पुन्हां बोलूं लागते.

दुसऱ्या रस्त्यावरील मर्मस्थान याहूनही क्षुल्लक दिसतें. अॅडॉप्टरची पिन ज्यांत शिरते, तें सॉकेट आंतल्या सर्किटावर केवळ डाखानें, म्हणजे कारागीर ज्याला सोल्डर म्हणतात त्यानें, बसविलेलें असतें. प्रत्येक कार्यक्रमांत पिन घालावयाची आणि काढावयाची. कोणाच्या तरी पायांत वायर अडकून ती ओढली जावयाची. असें शंभर वेळां झालें, कीं त्या डाखास केसाएवढी भेग पडते. मग वाद्य थोडें कलतें धरलें तर चालतें आणि सरळ ठेवलें तर बंद पडतें. ध्वनिक्षेपकाकडे जाणाऱ्या वायरीचें सॉकेटही याच रोगानें आजारी पडतें.

अॅडॉप्टरविषयीं आणखी एक इशारा. निरनिराळ्या अॅडॉप्टरांच्या पिना दिसावयास सारख्या असल्या, तरी एक ९ व्होल्टचा तर दुसरा १२ व्होल्टचा असतो. एकाच्या पिनेचा मधला भाग धन असतो, तर दुसऱ्याचा ऋण. घाईघाईंत शेजाऱ्याचा अॅडॉप्टर मागून आणला आणि तो उलटा निघाला, तर वर्षांनुवर्षें टिकलेलें वाद्य एका क्षणांत जळूं शकतें. याची लहानशी आकृति कीबोर्डाच्या पाठीवर आणि अॅडॉप्टरवर छापलेली असते. ती ताडून पाहावयास अर्धें मिनिट पुरतें.

कांहीं दोष मात्र न वाजवितां, न हालवितांही काळाबरोबर येतात. सर्किटावरील विजेचा सांठा करणारे कपॅसिटर उष्णतेनें आंतून सुकत जातात. जाणते लोक असा आडाखा बांधतात, कीं दर दहा अंश उष्णता वाढली, कीं त्यांचें आयुष्य निम्मे होतें. जुन्या यंत्रांत वादकानें तयार केलेले आवाज लक्षांत ठेवण्यासाठीं आंत एक लहान बॅटरी असे. १९८३ सालच्या यामाहा डीएक्स-७ मधील ती बॅटरी संपली, कीं वाद्य स्मृति गमावी. नवी घातली, कीं तें पुन्हां आवाज लक्षांत ठेवूं लागे. परंतु १९८१ सालच्या कोर्ग पॉलिसिक्समधील बॅटरी झिरपून तिनें शेजारचें सर्किटच खाल्ल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. रोलंडच्या १९९१ सालच्या जेडी-८०० या भारी किंमतीच्या वाद्यांत तर पट्ट्यांस वजन यावें म्हणून लावलेल्या धातूच्या तुकड्यांचा लाल डिंक वर्षांनंतर पातळ होऊन ओघळूं लागला आणि पट्ट्या चिकटून बसल्या. तात्पर्य, मोठें नांव आणि मोठी किंमत ही टिकाऊपणाची हमी नव्हे. सोळा आणे वाद्य एका आण्याच्या जिनसेवर अडतें.

आपल्या देशाचें हवामान या सर्वांत भर घालतें. कोंकणांतील पावसाळ्यांत दमट हवा आंत शिरून सॉकेटांस गंज चढतो. देशावर उन्हाळ्यांत बंद मोटारीच्या डिकींत वाद्य दुपारभर राहिलें, तर प्लास्टिकला बांक येतो. मांडवांत गुलाल उधळला जातो आणि त्याची बारीक पूड पट्ट्यांच्या फटींतून सरळ त्या रबराच्या घुमटांपर्यंत पोहोंचते. जनरेटरची वीज चढ-उतार करते. घरीं माळ्यावर ठेवलें, तर मुंग्या आणि झुरळें आंत बिऱ्हाड करतात. आणि ज्याचा सर्वांना विसर पडतो, ते सेल वर्षभर आंतच राहून फुटतात आणि त्यांचा खार पितळी पट्ट्या खाऊन टाकतो.

तेव्हां वाद्य घेतांना काय पाहावें? आवाजांची संख्या मोजूं नये. साऱ्या पट्ट्या एकेक करून, प्रथम अगदीं हळू आणि मग जोरांत दाबून पाहाव्या. सर्व सारख्या बोलल्या पाहिजेत. पिन घालून वायर किंचित् हालवावी. सॉकेट डुलतां कामा नये. तळ स्क्रूंनीं बसविलेला आहे ना, हें पाहावें, कारण जें उघडतां येतें तेंच दुरुस्त होतें. साधा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड ४ ते ७ किलोंचा असतो. ८८ जड पट्ट्यांचा पियानोसारखा कीबोर्ड ११-१२ किलोंपासून पुढें जातो. जें वाद्य जिन्यावरून एकट्याला सुखानें नेतां येत नाहीं, तें केव्हांतरी हातांतून निसटणारच, हें ध्यानांत धरून निवड करावी. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुकानदारास विचारावा: 'याची रबरी फीत आणि सॉकेट या गांवांत मिळतें काय, आणि तें बसविणारा माणूस कोण?' उत्तरादाखल तो केवळ हंसला, तर आपण दुसऱ्या दुकानाची वाट धरावी.

वाद्य घरीं आल्यावर त्याची राखण अवघड नाहीं. गादी असलेल्या पिशवींत तें न्यावें, नुसत्या चादरींत नव्हे. पावसाळ्यांत पिशवींत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या. कार्यक्रमांत पट्ट्यांवर कापड झांकावें आणि प्याला वाद्यावर कधींही ठेवूं नये. अॅडॉप्टरची वायर सॉकेटांतून निघाल्याबरोबर स्टँडच्या दांडीला एक वेढा देऊन बांधावी; म्हणजे कोणी अडखळला तरी ओढ दांडीवर पडते, डाखावर पडत नाहीं. पुष्कळ लहान कीबोर्डांत सेल घालण्याची सोय असते. कार्यक्रमाच्या दिवशीं ताजे सेल घालावे, म्हणजे वीज गेल्यास पिन काढून गाणें पुरें करतां येतें. आणि घरीं आल्यावर ते न विसरतां काढून ठेवावे. त्याच वाद्याचा एक जादा अॅडॉप्टर आणि एक जादा वायर जवळ असावी.

येथें आपल्या जुन्या पेटीची आठवण होते. युरोपांतील पायानें भाता मारावयाचें हें वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं हातपेटीच्या रूपांत आणलें आणि तें बैठकींत मांडी घालून बसलें. आकाशवाणीनें १९४० सालीं तिला दारें बंद केलीं. तीं उघडावयास १९७१ साल उजाडलें. तरीही ती टिकली. तिचें लांकूड अमर होतें म्हणून नव्हे. तिचा भाता फाटला तर चामडें लावणारा भेटे, सूर ढळला तर तो घांसून जुळविणारा भेटे. पेटीचें आयुष्य पेटींत जेवढें होतें, तेवढेंच तें गांवोगांवच्या कारागिरांच्या हातांत होतें. कीबोर्डांची गोष्ट याहून निराळी नाहीं. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांनीं 'मिडी' नांवाची एक सामाईक भाषा स्वीकारली. तिच्यामुळें चाळीस वर्षांपूर्वींचें वाद्यही त्या सोयीचें आणि सुस्थितींत असेल, तर आजच्या यंत्राशीं जोडतां येतें. म्हणजे यंत्र आपल्या परीनें टिकावयास तयार आहे. आपणच त्याला लवकर टाकून देतों.

आतां आमच्या शाळेंतील वाद्याविषयीं. त्या संमेलनानंतर मीं नोंदवहींत 'निकामी' असा शेरा लिहिला आणि तें कपाटांत ठेवून दिलें. ज्या दुकानदारानें तें दिलें, त्याला मनांतल्या मनांत शिव्याही दिल्या. २०१२ सालीं कपाट रिकामें करतांना, भंगारांत देण्यापूर्वीं, मीं तें सहज एका रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे नेलें. त्यानें स्क्रू काढले, सॉकेट दोन बोटांत धरून हालविलें आणि मला भिंगांतून ती भेग दाखविली. डाखाचा एक थेंब देऊन त्यानें पिन खुपसली आणि माझ्यादेखत पट्ट्या बोलूं लागल्या. त्यानें घेतलेले पैसे एका वेळच्या चहा-नाश्त्याएवढे होते. तेवढ्या कामासाठीं तीन वर्षांचीं मुलें वाद्यावांचून गेलीं होतीं. "वायर कोणीतरी वारंवार ओढीत असलें पाहिजे," तो म्हणाला. ओढणारा मीच होतों. कार्यक्रम संपला, कीं मी ती लांबूनच ओढून काढीत असें.

मी त्या मुलाच्या घरीं गेलों. तो एव्हांना कॉलेजांत होता. भेग, डाख, वायर, सारें मीं त्याला सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "सर, इतकीं वर्षें मला वाटत होतें, कीं तो माझ्याच हातून मोडला." त्यानें काय केलें होतें, तर कांहींच नाहीं. मीं त्याला पुढील संमेलनास येण्याची विनंति केली. तो आला. वाजवावयास मात्र बसला नाहीं. कार्यक्रमापूर्वीं रंगमंचावर गेला, वांकून अॅडॉप्टरची वायर दांडीला नीट बांधली आहे कीं नाहीं तें त्यानें पाहिलें, एक वेढा अधिक दिला आणि खालीं येऊन मागच्या रांगेंत बसला.

श्रोतेहो, आपल्या घरांतील वाद्य उद्यां एकाएकीं मुकें झालें, तर वाजविणाऱ्याकडे पाहण्यापूर्वीं एकदां वायरीकडे पाहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.